उतरणाऱ्याला वाट

ही गोष्ट खरी आहे.

माझ्या सख्ख्या भाचीच्या बाबतीत घडलेली. ती घरांचे आराखडे करते. विटा, सिमेंट आणि मोजपट्टी यांच्याशी तिचा रोजचा संबंध, त्यामुळे उगाच कशालाही भिणाऱ्यांतली ती नाही. लहानपणी मीच तिला गणित शिकवलं. तेव्हाही एखादी गोष्ट पटली नाही की वही मिटून म्हणायची, "मामा, आधी सिद्ध करून दाखव."

आणि ही मध्यरात्रीची गोष्टही नाही. थंडीच्या दिवसांतली संध्याकाळ होती. बाहेर अजून उजेड असतो, पण घरात दिवा लावावासा वाटतो, ती वेळ. घर माणसांनी भरलेलं. सगळी जागी.

अशा वेळी हे झालं.

आधी ते घर नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. काड्यापेट्या उभ्या करा आणि एकीला एक चिकटवत त्यांची रांग लावा. त्यातली मधली एक पेटी म्हणजे हे घर. डावीकडची भिंत एका शेजाऱ्याबरोबर सामाईक, उजवीकडची दुसऱ्याबरोबर. पुढे बसायची खोली, मागे स्वयंपाकघर, त्यामागे हातरुमालाएवढं अंगण. आणि पुढच्या-मागच्या खोलीच्या मधोमध जिना.

उघडा जिना नव्हे. दोन भिंतींत चेपलेला, उभा चढाचा, वर गेल्यावर वळणारा. आणि खाली त्याला दार. दार लावलं की जिन्यात कोण आहे ते दिसायचं नाही.

न्हाणीघर एकच. तेही वर.

आता माणसं. आजोबा, त्यांना दिसत नाही. त्यांची मुलगी, म्हणजे मुलांची आत्या, तिला ऐकू येत नाही. ती हातांनी बोलते. काका रात्रपाळीला जातो, त्याचा एक खांदा कायमचा अधू. बाबा आणि आई. थोरली मुलगी चिमणी, चाकाच्या खुर्चीत असते. आणि धाकटा भोवरा. त्याचं नाव वेगळं आहे, पण तो स्वतःभोवती फिरत राहतो म्हणून भोवरा. त्याला मोठा आवाज सोसत नाही. कुणी ओरडलं की कानांवर हात ठेवून कोपऱ्यात जातो आणि मग कितीतरी वेळ बाहेर येत नाही.

एवढी सगळी त्या काड्यापेटीत.

चिमणीला न्हाणीघरात न्यायचं म्हणजे बाबाने तिला उचलून वर न्यायचं आणि उचलून खाली आणायचं. रोज. तिला घेतलं की त्याला स्वतःचे पाय दिसायचे नाहीत. म्हणून घरात एक नियम झाला होता. जिन्यात पाऊल वाजलं की खालच्याने बाजूला व्हायचं, भिंतीला पाठ लावायची आणि थांबायचं.

उतरणाऱ्याला वाट द्यायची.

'कोण आहे?' म्हणून ओरडायचं नाही, भोवऱ्याला त्रास होतो. गुपचूप थांबायचं. फार शहाणं घर होतं ते. एकमेकांना इतकं जपणारी माणसं मी तरी कमी पाहिली आहेत.

पण एके दिवशी बाबा चिमणीसकट जिन्यावरून पडला.

चिमणीला मुका मार बसला. बाबाची कंबर गेली. मग मुलांच्या देखभालीचं बघणाऱ्या कचेरीतून एक बाई आल्या, जिना बघितला आणि म्हणाल्या, "असं नाही चालायचं. मुलीची सोय खालीच झाली पाहिजे. नाहीतर तिला आमच्या वसतिगृहात ठेवू. तिथे सगळं आहे."

सगळं होतं. घर तेवढं नव्हतं.

म्हणून भाचीला बोलावलं.

"या इंजिनिअरीणबाई," आजोबांनी स्वागत केलं.

"आजोबा, मी इंजिनिअर नाही, आर्किटेक्ट आहे."

"तेच ते. भिंत पाडणारी ना? मग झालं."

चिमणीने मात्र वेगळंच विचारलं. सगळे इकडेतिकडे गेल्यावर, हळूच. "ताई, जमेल ना? नाही जमलं तर मला जावं लागेल."

"जमवू," भाची म्हणाली. शब्द देऊन बसली.

तिची कामाची एक पद्धत आहे. पहिल्या दिवशी ती काहीच आखत नाही. घरातल्या प्रत्येकाला एक खडू देते आणि सांगते, "आज दिवसभर जिथे जिथे तुम्हाला थांबावं लागेल, अडायला होईल, तिथे जमिनीवर फुली मारा." म्हणजे घर कुठे नडतं ते घरच सांगतं. मुलांना तर हा खेळच वाटतो. आजोबांनीसुद्धा खडू मागून घेतला. "दिसत नसलं तरी अडतो मी सगळ्यांपेक्षा जास्त," म्हणाले.

संध्याकाळी भाची फुल्या बघत घरभर फिरली. उंबऱ्याशी दोन. ओट्याशी तीन-चार. चिमणीच्या खुर्चीच्या चाकांशी कितीतरी.

आणि जिन्याच्या दाराशी…

तिथे फुल्यांचं रानच माजलं होतं.

सगळ्यांच्या फुल्या. आजोबांची वाकडी, आत्याची नेटकी, काकाची भलीमोठी. सगळ्या भिंतीलगत, बाजूला होऊन उभं राहिल्यावर पाय येतात तिथे.

तिला हसू आलं. बाहेरच्या खोलीत सगळे जमले होते; ती येणार म्हणून त्या दिवशी काका झोपला नव्हता आणि बाबा कामावर गेला नव्हता. आई चहा ओतत होती. भाचीने सहज विचारलं, "अहो, संध्याकाळच्या वेळी एवढं जिन्यावरून उतरतं तरी कोण? सगळ्यांनाच अडवून ठेवलंय!"

"भावजी," आई म्हणाली. "कामावर जायची घाई असते त्यांची."

"मी?" काका म्हणाला. "वहिनी, मी खाली येतो ते जेवायलाच. त्या वेळी मी घोरत असतो. अण्णा उतरतात, काठी टेकत." त्याने आजोबांकडे मान वळवली.

"अरे, मी दुपारपासून या खुर्चीत असतो," आजोबा म्हणाले. "तुम्हीच बसवता ना मला?"

आत्याने सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं. विषय तिला कळला. तिने दारावर तळवा टेकल्यासारखं केलं, मग बोटं थरथरवली, आणि बाबाकडे बोट दाखवलं.

"म्हणते, दाराला हात लावला की हादरे कळतात," आईने सांगितलं. "तिला वाटायचं, हे उतरतात."

"मी तर त्या वेळी कामावरून घरीसुद्धा आलेलो नसतो," बाबा म्हणाला.



मग आई म्हणाली, "पण येतं कुठे कुणी खाली? दार उघडायच्या आधीच परत वर जातं. मला वाटायचं, काहीतरी विसरलं असेल."

"सुट्टीच्या दिवशी मलाही तेच वाटायचं," काका म्हणाला.

बघा, सात माणसांच्या घरात जिन्यावर कुणी ना कुणी असतंच. कुणी ना कुणी काहीतरी विसरतंच. म्हणून कुणी कधी कुणाला विचारलंच नव्हतं.

आजोबा काठीवर पुढे झुकले. कान हेच त्यांचे डोळे. ते म्हणाले, "रिकामा पाय नाही तो. ओझं घेऊन उतरणाऱ्याचा आहे. एक पाय खाली, मग दुसरा त्याच्याशेजारी, मग थांबून दम घ्यायचा. मी म्हणायचो, चिमणीला आणताहेत."

"मी तर इथेच असते, आजोबा," चिमणी म्हणाली. "तुमच्या बाजूलाच."

कोपऱ्यात फिरणारा भोवरा थांबला. तो फारसा बोलत नाही. बोलला की एखादाच शब्द.

"दोघं," तो म्हणाला.

"कोण दोघं रे, राजा?" आईने विचारलं.

तो पुन्हा फिरायला लागला.

बाबाचा चेहरा उतरला होता. तो काकाला म्हणाला, "खरं सांग. मी पडलो त्या दिवशी माझ्यामागून तू उतरत होतास ना?"

"नाही, दादा."

"रागावणार नाही रे. चिमणीला घेऊन मी मधल्या पायरीवर होतो. मागून कुणीतरी आलं. अगदी पाठीशी. धाप लागलेली. मला वाटलं, तुला उशीर झालाय… म्हणून मी सवयीने बाजूला झालो."

जिन्यात बाजू नव्हतीच. बाजूला व्हायला गेला आणि पाय सुटला.

"मग कंबर धरली म्हणून पडलो, असं का सांगितलंस?" काकाने विचारलं.

"तुझं नाव कशाला घ्यायचं? तुला आयुष्यभर लागून राहिलं असतं."

काकाच्या डोळ्यांत पाणी आलं. "दादा, त्या दिवशी मी दुसऱ्याच्या बदली कामावर गेलो होतो. घरात नव्हतोच मी. मला फोन करून बोलावलंत तुम्ही."

आईने हातातला कप खाली ठेवला.

आणि तेव्हाच…

धप्.

वरच्या वळणावर.

भाचीने पहिल्यांदा काय केलं असेल, तर माणसं मोजली. आजोबा, आत्या, काका, बाबा, आई, चिमणी, भोवरा. सगळी समोर.

धप्… थांबणं… धप्.

आजोबांनी सांगितलं होतं तसंच. एक पाय. मग त्याच्याशेजारी दुसरा. मग दम.

आत्याने जमिनीवर तळवा टेकला होता. पावलागणिक तिचे डोळे मिटत होते.

पावलं खाली आली. दारापाशी थांबली. दाराच्या पलीकडून श्वास ऐकू येत होता. दमलेल्या माणसाचा.

कुणी हललं नाही.

पलीकडेही कुणी हललं नाही. कुणाची तरी वाट बघितल्यासारखं.

मग पावलं वळली. जड, संथ. वर गेली. आणि वळणाशी संपली.

काकाने धावत जाऊन दार उघडलं. जिना रिकामा होता.

त्यानंतर भाचीला रात्री झोप आली नाही, ते भीतीने कमी आणि आराखड्याने जास्त. कारण चिमणीच्या खोलीसाठी त्या घरात एकच जागा होती. जिन्याची.

तिने सगळं उलटसुलट करून बघितलं. पुढची खोली दिली तर आजोबा कुठे? स्वयंपाकघर दिलं तर रांधायचं कुठे? अंगणात खोली काढायला परवानगी नव्हती. जिना काढून मागच्या भिंतीलगत न्यायचा, आणि त्याच्या जागी, पुढच्या-मागच्या खोल्यांची थोडी थोडी जागा घेऊन, चिमणीची खोली नि तिला लागून न्हाणीघर. दुसरा रस्ताच नव्हता.

तिने घरच्यांना खरं ते सांगितलं. निर्णय तुमचा, म्हणाली.

आजोबा म्हणाले, "जिनाच नसेल तर उतरेल कुठून, पोरी?"

सगळ्यांना ते पटलं. पटवून घ्यायचंच होतं. नाहीतर चिमणी जाणार होती.

जिना तोडताना भाची तिथे उभी होती. तुम्हाला वाटत असेल, आत काहीतरी सापडलं. हाडं, केस, बाहुली. काही सापडलं नाही. जुन्या फळ्या, धूळ आणि उंदराने कुरतडलेला एक मोजा. मिस्त्री म्हणाला, "बाई, इतका बिनभानगडीचा जिना मी आजवर तोडला नाही." जुन्या शेजाऱ्यांना विचारलं. कुणालाही काही माहीत नव्हतं.

घर मात्र सुरेख झालं. मागे नवा जिना आला, दोन माणसं सहज एकमेकांजवळून जातील इतका रुंद. त्याच्या खाली भोवऱ्यासाठी जाड कापडाने मढवलेला कोनाडा, आत आवाज जाणार नाही असा. भिंतीवरून घरभर फिरणारा लाकडी कठडा, आणि प्रत्येक दाराशी त्याला वेगळी खाच, म्हणजे आजोबांना बोटांनी घर वाचता यावं. बेल वाजली की आत्यासाठी दिवा लुकलुकायचा. चिमणीच्या खोलीला रुंद दार, बेसिन तिच्या हाताशी, आणि मोठा पलंग. पहिल्या दिवशी ती आपली आपण खुर्ची ढकलत न्हाणीघरात गेली आणि आतून कडी लावून कितीतरी वेळ बाहेरच आली नाही. आई दाराबाहेर उभी राहून रडत होती.

नव्या जिन्यावर तसं पाऊल कधी वाजलं नाही.

महिना-दीड महिन्याने कचेरीतल्या बाई तपासणीला येणार होत्या. भाचीलाही बोलावलं. दुपारचं ठरलं होतं. बाईंना उशीर झाला. त्या आल्या तेव्हा दिवे लावायची वेळ झाली होती.

बाई मोजपट्टी घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. घरचे सगळे त्यांच्यामागे. भाची चिमणीच्या खोलीत आली.

चिमणी पलंगावर पडून होती. अगदी भिंतीला चिकटून. एवढा मोठा पलंग अर्धा रिकामा.

"काय गं, पडशील ना भिंतीच्या फटीत! मधे झोप की, ऐसपैस."

चिमणीने दाराकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "ताई, जिना काढताना तुम्ही त्यांना सांगितलं नव्हतं का?"

"कुणाला?"

"सुरुवातीला वर छताशीच थांबायचे. पाय टाकायला काही नव्हतं ना. मग शिकले. रोज थोडं थोडं खाली."

भाची तिच्याजवळ वाकली. "तू बघितलंस?"

"दिसत नाही. कळतं. बाई आहे ती. तिने मुलीला उचललंय. मोठी मुलगी आहे, माझ्याएवढी. तिला पण चालता येत नसणार. नाहीतर एवढ्या मोठ्या मुलीला कोण उचलतं?"

"तुला कसं ठाऊक?"

"बाबा दमला की त्याचाही श्वास असाच लागतो. उचललेल्या माणसाच्या कानाशीच असतो तो," चिमणी अगदी साधेपणाने म्हणाली. "तिला मुलीला ठेवायला जागाच मिळाली नाही, ताई. खाली आली की दार लावलेलं. दारापाशी आपली माणसं उभी. मग परत वर. किती दमली असेल."

तिने रिकाम्या अर्ध्या पलंगावरून हात फिरवला.

"म्हणून मी जागा केली."

भाचीने तिचा हात धरला. "चिमणे, हे बाबांना सांगायला हवं."

"नको!" चिमणीने तिचं मनगट घट्ट पकडलं. "सांगितलं की ते घाबरतील. मला वसतिगृहात ठेवतील. ताई, तुम्ही जमवू म्हणाला होतात."

तेवढ्यात बाई आत आल्या. त्यांच्यामागे दारात आई, बाबा, सगळे. सगळ्यांचे चेहरे परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसे.

"काम उत्तम झालंय," बाई भाचीला म्हणाल्या. "आता एकच विचारते, पद्धत आहे म्हणून. घर तुम्ही बांधून घेतलंय. तुमच्या मते या खोलीत मुलीला काही धोका?"

भाचीने तोंड उघडलं.

आणि…

धप्.

पलंगाच्या बरोबर वर.

बाईंना ऐकू आलं नाही. त्या तिच्याकडे बघत होत्या. आजोबांनी मात्र मान वर केली. शेजारी उभ्या आत्याने चौकटीवरचा हात झटकन काढून घेतला.

धप्… खाली. आणखी खाली. हवेतून.

भाचीने चिमणीकडे बघितलं. चिमणी छताकडे बघत नव्हतीच. ती फक्त भाचीकडे बघत होती.

श्वास आता उशीच्या उंचीवर होता.

"नाही," भाची म्हणाली. "काही धोका नाही."

बाईंनी मान हलवली. आईने बाबाचा हात धरला. काका मोठ्याने हसला आणि भोवऱ्याची आठवण येऊन तोंडावर हात ठेवला. सगळे बाईंना सोडायला बाहेर गेले.

खोलीत एकदम शांत झालं. दमलेला श्वास थांबला होता. ओझं खाली ठेवल्यावर थांबतो तसा.

चिमणीने पांघरूण ओढलं. रिकाम्या बाजूचं. आणि त्याची कड नीट आत खोचली.

भाची त्याच रात्री माझ्याकडे आली. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "मामा, मी बरोबर केलं का?" मी उभा जन्म मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देण्यात घालवला. या वेळी मी फक्त तिच्यासमोर चहाचा कप ठेवला.

चिमणी घरीच आहे. शाळेत जाते, खाते-पिते, हसते. छताशी आता काही वाजत नाही. भाची अधूनमधून फोन करून चौकशी करते.

गेल्या आठवड्यात बाबाने फोन उचलला. सगळं छान चाललंय, म्हणाला. कंबरही बरी आहे. फक्त सकाळी चिमणीला पलंगावरून खुर्चीत ठेवायला उचलतो ना, तेव्हा हल्ली ती फार जड लागते. जवळजवळ दुप्पट.

"वाढतं वय आहे," तो म्हणाला आणि हसला.

भाचीला हसता आलं नाही.